फरशीवरची काकी

काकी गाडी अनवाणी चालवायची. व्हॅनचं दार उघडलं की आधी पायातल्या चपला काढायची, सीटच्या बाजूला जोडीनं ठेवायची, लुगडं आवरायची आणि मगच आत चढून बसायची. एकदा मुरबाडच्या नाक्यावर एका हवालदारानं तिला थांबवून विचारलं की बाई, चपला कुठं आहेत. तिनं बोटानं दाखवल्या. मग पायात का नाहीत, असं त्यानं विचारलं. तेव्हा काकी म्हणाली, "गाडी काय बोलते ते तळव्याला कळतं, साहेब. चपलेला काय कळनार?" हवालदार हसला आणि त्यानं तिला जाऊ दिलं. पुढे तो भेंडी आणि कारली तिच्याच गाडीतल्या बायांकडून घ्यायला लागला.

ती माझी सख्खी काकी, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. पण धसईपासून मुरबाडपर्यंत तिला सगळेच काकी म्हणायचे, वयानं तिच्याहून मोठी असलेली माणसंसुद्धा. नुसतं काकी म्हटलं तर एखाद्या वेळी दुसऱ्याच कुणाविषयी बोलणं चाललंय असं वाटलं असतं, म्हणून कुणी 'गाडीवाली काकी' असंही म्हणायचं. हे ऐकून ती खूश व्हायची. शेताची मालकीण, मुलीची आई, सोसायटीची सभासद अशी तिची बाकीही ओळख होती, पण गाडीवाली हीच तिला आवडायची.

गाडी खरं तर काकांनी घेतली होती. भाजी धसईला आणि मुरबाडला न्यायला म्हणून जुनी व्हॅन आणली आणि पहिल्याच आठवड्यात ती त्यांनी चिखलणी केलेल्या खाचरात उतरवली. गाडीला आणि काकांना दोघांनाही काही झालं नाही. पण काका खाचरातून वर आले, पाय धुतले, चावी खुंटीला अडकवली आणि म्हणाले की मी बैल हाकीन, हिला नाय. काकांचं बोलणं मोजकंच असतं, आणि बोलले की ते तसंच राहतं. तो सगळा पावसाळा व्हॅन अंगणात उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची.

काकीनं दिवाळीनंतर कोंबडी हुसकली, सीट धुतली आणि मुरबाडच्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. तेव्हा तिची मुलगी रंजना लग्न होऊन कल्याणला गेली होती आणि काकीचे केस पुढून पांढरे झाले होते. क्लासमधली बाकीची सगळी पोरं तिच्या नातवाच्या नाही तरी भाच्याच्या वयाची. परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. कारण असं की चाचणीच्या रस्त्यावर एक वासरू आडवं आलं, तेव्हा काकीनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खाली उतरली, वासराला धरून त्याच्या गाईपाशी नेऊन सोडलं आणि मग परत येऊन बसली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तोवर कागदावर काय लिहायचं ते लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी वासरू आलं नाही आणि ती पास झाली.

मग रोज सकाळी तिची फेरी सुरू झाली. आळीतल्या बाया आपापल्या टोपल्या घेऊन फाट्यावर उभ्या राहायच्या. डोंगराकडच्या ठाकूरवाडीतल्या बायाही उतरून यायच्या. पावसाळ्यात त्यांच्याकडे शेवळं, कुरडू, टाकळा अशा रानभाज्या असायच्या, उन्हाळ्यात करवंदं आणि आंबे. टोपल्या मागे, बाया पुढे, आणि ज्या आधी आल्या त्या आधी बसणार, यात कुणाचं काही चालायचं नाही. गाडीत भांडण झालेलं मात्र काकीला खपायचं नाही. आवाज चढले की ती गाडी बाजूला घेऊन थांबवायची. "भांडन खाली उतरून करा. संपलं की बसा. आमाला घाई नाय." रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून भांडायला कुणालाच मजा येत नसे, त्यामुळे भांडण तिथंच मिटायचं.

मी नोकरीनिमित्त शहापूरला आणि घर आटगावला. सणावाराला गावी निघालो की एसटीनं मुरबाडपर्यंत यायचो आणि तिथून पुढे काकीच्या गाडीची वाट बघायचो. धसईची एसटी समोर उभी असली तरी मी तीत चढत नसे. काकीच्या शेजारच्या सीटवर बसलं की गावात पोचेपर्यंत सगळ्या बातम्या कळायच्या, कुणाच्या घरी कोण आलं, कुणाच्या भाताला कीड पडली, कुणाची सून रुसून माहेरी गेली आणि का गेली. गाडी चालवताना तिची नजर रस्त्यावरून हलायची नाही. तोंड मात्र थांबायचं नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक खड्ड्यापाशी "दमानं गो, दमानं." हे ती गाडीला म्हणायची.

आमच्या गावाच्या अलीकडे एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. त्यावर उंच पूल नाही. रस्त्याच्याच पातळीला सिमेंटची फरशी घातलेली आहे आणि दोन्ही कडांना हातभर उंचीचे दगड. उन्हाळ्यात तिथं पाण्याचा थेंब नसतो. पावसाळ्यात डोंगरावर पाऊस झाला की तासाभरात पाणी फरशीवरून वाहायला लागतं, आणि पाऊस थांबला की तितक्याच पटकन उतरतं. गावाला याची सवय आहे. पाणी आलं की थांबायचं, उतरलं की जायचं.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी दुपारी मुरबाडला उतरलो, तेव्हा काकीची व्हॅन गणपतीच्या कारखान्यासमोर उभी होती. आळीतल्या सात घरांचे गणपती दर वर्षी तिच्याच गाडीतून यायचे. तिनं मागची सीट काढून खाली भाताचा पेंढा पसरला होता. शाडूच्या मूर्ती, तोंडावर रुमाल टाकलेल्या, एकेक करून आत ठेवत होती. शेजारच्या वनितावहिनी आत बसून मूर्ती धरत होत्या. सहा ठेवून झाल्या आणि पेंढ्यावरची जागा संपली. तेव्हा काकीनं सातवा, म्हणजे आमच्या घरचा गणपती, आपल्या सीटच्या मागे अगदी खाली ठेवला. लोकांचे देव नीट बसले, आपला काय, घरचाच हाय, असं काहीसं ती पुटपुटली. मी पुढे बसलो.

व्हाळापाशी आलो तर फरशीवरून पाणी वाहत होतं. कडेच्या दगडांची डोकी दिसत होती. पलीकडे गावाच्या बाजूला काका आणि आळीतली दहाबारा माणसं छत्र्या, इरली घेऊन उभी होती. देव यायचे होते ना! वनितावहिनी म्हणाल्या की जरा थांबू, काकी. काकी उतरली, एक काठी घेतली आणि पाण्यातून अर्ध्या फरशीपर्यंत चालत जाऊन आली. पाणी तिच्या गुडघ्याच्या खाली होतं. डोंगराकडे आभाळ काळं झालेलं होतं. ती एकदा डोंगराकडे बघायची, एकदा मागच्या गणपतींकडे. आता गेलो नाही तर पाणी चढतच जाईल, उद्याही इथंच बसावं लागेल आणि सात घरांची चतुर्थी चुकेल, असा तिचा हिशेब होता. मग ती आत चढली आणि म्हणाली, "देव हायत गाडीत. देव बुडवील काय?"

पहिल्या गिअरमध्ये गाडी पाण्यात शिरली. निम्मी फरशी नीट पार झाली. आणि मग वरून पाण्याचा एक लोंढा आला. फार मोठा नव्हता, पण पाणी एकदम दाराच्या उंबऱ्याला लागलं. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं. माझ्या खालून एक खोकल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली.

इंजिन थांबल्यावर पाण्याचा आवाज केवढा मोठा वाटला! काकीनं चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. या वेळी इंजिननं एकदम घेतलं, गुरगुरलं, आणि लगेच कुणी ऐरणीवर घण मारावा तसा खाडकन आवाज झाला. सीट हादरली. त्यानंतर चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं. काकीनं आणखी एकदा फिरवली आणि हात मांडीवर ठेवले. "गेली," असं ती हळूच म्हणाली. माणूस गेल्यावर म्हणतात तसं.

पण रडायला किंवा घाबरायला वेळच नव्हता, कारण दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं होतं आणि मागे शाडूचे देव होते. पलीकडून काकांनी बैलांचा कासरा आणला, दगडाला बांधला, आणि तो धरून माणसं एकामागे एक पाण्यात उतरली. फरशीभर माणसांची रांग लागली. वहिनी एकेक मूर्ती उचलून मला द्यायच्या, मी दारातून पहिल्या माणसाच्या हातात, आणि तिथून ती डोक्याच्या वरून हातोहात पलीकडे जायची. दर वर्षी मूर्ती उचलली की लोक जयजयकार करतात. त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांचं लक्ष आपापल्या पायांकडे होतं. शेवटची मूर्ती पलीकडे पोचल्यावर मग कुणीतरी "मोरया" म्हटलं, तेही हळू आवाजात.

काकी सगळ्यांच्या शेवटी उतरली. चपला हातात घेऊन.

वनितावहिनींच्या ओटीवर सगळ्यांनी आपापला देव ओळखून घेतला. सहाही कोरडे होते. सातवा, खाली ठेवलेला आमचा, पाटापासून मऊ झाला होता आणि त्याचा एक पाय आणि उंदीर काकांच्या हातातच राहिला. ज्यांच्या मूर्ती धड होत्या त्यांना कुठं बघावं ते कळेना. काकीनं मूर्तीवरचा रुमाल काढला, तोंड पाहिलं, परत झाकलं आणि म्हणाली, "आमचा घाईचा निघाला. आधी इसर्जन, मागून स्थापना." मग सगळे हसले आणि आपापले देव घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी पाटावर तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवून पूजा झाली. काकांनी नेहमीइतकीच आरास केली होती. एवढ्या मखरात ती एवढीशी सुपारी. काकीनं मोदक केले, आरती म्हटली, आल्यागेल्याला प्रसाद दिला. मात्र अंगणात गाडी उभी राहायची त्या जागेकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टर लावून व्हॅन बाहेर काढली होती आणि तशीच ओढत मुरबाडला गॅरेजमध्ये नेली होती.

गणपती झाल्यावर मी तिच्याबरोबर गॅरेजला गेलो. मेकॅनिकनं इंजिन खोलून ठेवलं होतं. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. त्यानं एक लोखंडी दांडा उचलून दाखवला, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. तो कोपरात मुडपलेल्या हातासारखा वाकला होता. इंजिनला हवा दाबायची सवय असते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून मग लोखंड वाकतं, असं त्यानं सांगितलं. काकीनं विचारलं की हे पाण्यात गाडी घातली तेव्हाच झालं का. तो जरा घुटमळला. मग म्हणाला की नाही. गाडी बंद पडली तेव्हा इंजिन शाबूत होतं. तशीच ढकलून बाहेर काढली असती तर पाणी काढून, ऑइल बदलून परत चालू झाली असती. परत चावी मारली आणि इंजिननं घेतलं, तिथं मोडलं.

काकी बराच वेळ तो दांडा हातात धरून उभी होती. तिनं डोळे पुसले नाहीत, मेकॅनिकला दोष दिला नाही, नशिबालाही नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसली आणि मुरबाड मागे पडल्यावर मला म्हणाली, "देवानं नाय बुडवली रे. मीच चावी मारली." त्या वाक्यात दुःख होतंच, पण काहीतरी उलगडल्याचं समाधानही होतं. वाकलेला दांडा तिनं मागून घेतला होता आणि पदरात गुंडाळून आणला होता.

पुढचे काही महिने आळीतल्या बाया एसटीनं जायला लागल्या. टोपल्यांना एसटीत नीट जागा नसायची. येताजाता त्या काकीच्या अंगणात थांबायच्या आणि गाडी कधी यायची ते विचारायच्या. काकी अंगणातली ती जागा रोज झाडायची. कोंबड्या तिथं आल्या तर हुसकायची.

हिवाळ्यात म्हसा गावची जत्रा भरली. काका दर वर्षी जत्रेला जातात, बैलबाजारात फिरतात, दुसऱ्यांच्या बैलांचे दात बघतात आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत येतात. त्या वर्षी आपली जोडी घेऊन गेले आणि जोडीशिवाय परतले. काकीला आधी सांगितलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून रिकाम्या कासऱ्याकडे बघत होती. काका कासरा खुंटीला लावत म्हणाले, "नांगराला आता ट्रॅक्टरच येतो. ते नुसते बसून खात व्हते. तुझी गाडी आन."

जोडी शहापूरकडच्या एका चांगल्या शेतकऱ्यानं घेतली होती, आटगावपासून फार लांब नाही. त्यामुळे त्यानंतर काका माझ्याकडे येऊन राहायला लागले. एरवी आग्रह करूनही न येणारा माणूस महिन्या दोन महिन्यांनी पिशवी घेऊन दारात उभा. चहा झाला की म्हणायचे, जरा जाऊन येतो. बैलांना खाजवून, त्यांच्या नव्या मालकाशी चार गोष्टी करून संध्याकाळी खुशीत परत यायचे. काकी फोनवर मला विचारायची, "भेटले का त्याला त्याचे?"

होळीच्या आधी व्हॅनमध्ये दुसरं इंजिन बसलं आणि फेरी परत सुरू झाली. आता सगळं पूर्वीसारखं होईल असं आम्हाला वाटलं. पण पावसाळा लागला आणि काकीनं एक नवंच काम अंगावर घेतलं.

व्हाळाच्या मुरबाडकडच्या बाजूला, रस्त्याला लागून, आमचं एक शेत आहे आणि तिथं काकांची खोप आहे. डोंगरावर आभाळ भरून आलं की काकी फेरी लवकर आटपायची, गाडी अंगणात लावायची, पाणी चढायच्या आत फरशी ओलांडून त्या खोपीत जाऊन बसायची. चुलीवर पातेलं ठेवायची. आणि फरशीवरून पाणी वाहायला लागलं की रस्त्यावर येऊन हात आडवा धरायची. अलीकडे पावसात भटकायला ठाणे, डोंबिवलीकडची माणसं गाड्या घेऊन आमच्या बाजूला फार येतात. त्यांना व्हाळ नवा असतो. समोर रस्ता दिसतो, मध्ये थोडं पाणी दिसतं, आणि ते गाडी घालतात.

कडेच्या एका दगडावर तिनं काकांकडून चुन्याचा पट्टा मारून घेतला होता. येईल त्याला ती सांगायची, "पट्टा दिसतो? मग जा. नाय दिसत? मग चा घ्या." चहा घेता घेता लोकांना तिची गोष्ट ऐकावी लागायची. गणपती, लोंढा, चावी, खाड् असा आवाज, सगळं. शेवटी ती खोपीच्या कुडात खोचलेला तो वाकडा दांडा काढून दाखवायची. माणसं तो हातात घेऊन बघायची. लहान मुलं त्याच्याशी खेळायची. आपली चूक इतक्या आवडीनं सांगणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. दर पावसाळ्यात गोष्ट थोडी वाढायची. एकदा मीही तिथं बसलो होतो आणि लोंढ्याची उंची ऐकून चकित झालो. मी चहाच पीत राहिलो. गोष्ट छान झाली होती.

तिचं न ऐकणारेही असायचे. एक तरुण आपल्या उंच, नव्या गाडीतून आला, तिचं बोलणं हसत ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि गाडी पाण्यात घातली. आम्ही सगळे बघत राहिलो. गाडी पाणी उडवत सरळ पलीकडे गेली. तिकडून त्यानं हॉर्न वाजवला. खोपीतल्या लोकांनी काकीकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. "गेला ना नीट? बरं झालं," एवढंच म्हणाली, आणि खरोखर मनापासून म्हणाली.

दूध नेणाऱ्या एकनाथच्या टेम्पोचं मात्र तसं झालं नाही. एकनाथ धसईकडचाच. टेम्पो नवा, कर्जावर घेतलेला. मागे दुधाचे कॅन. दूध नासायच्या आत पोचायचं म्हणून तो गावाच्या बाजूनं पाण्यात शिरला. त्या बाजूला काका असायचे. हे मी सांगायचं राहिलं. काकी मुरबाडच्या बाजूला तर काका गावाच्या, असं ते दोघं व्हाळाच्या दोन काठांवर असायचे. काकी गोष्ट सांगून थांबवायची. काका एक अक्षर न बोलता रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. त्या दिवशी ते नेमके घराकडे गेले होते.

टेम्पो फरशीच्या मध्यावर बंद पडला. एकनाथचा हात चावीकडे गेला असणार, कारण काकी खोपीतून धावत सुटली. वयाच्या मानानं ती भलतीच वेगात धावली. लुगडं वर खोचून पाण्यात शिरली आणि ओरडली, "चावीला हात लावू नको! हात वर कर, एकनाथ, दोनी हात वर!" एकनाथ इतका दचकला की त्यानं खरंच दोन्ही हात वर केले. ती पोचेपर्यंत तो तसाच बसून होता, पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखा. मग कासरा आला, माणसं आली, टेम्पो ढकलत बाहेर काढला. मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी पाणी काढलं, फिल्टर आणि ऑइल बदललं, आणि तिसऱ्या दिवशी टेम्पो परत दूध वाहायला लागला. दूध मात्र नासलंच. काकीनं सगळ्या आळीकडून त्याचं पनीर करवून घेतलं.

एकनाथला त्यानंतर रस्त्यात कुठंही काकीची गाडी समोरून आली की तो स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करायचा. काकी ओरडायची की गाडी धर, मेल्या.

असे बरेच पावसाळे गेले. रंजना दर वेळी म्हणायची की आई, आता पुरे, भिजून आजारी पडशील. मी काकीला एकदा विचारलं होतं की याचा कंटाळा नाही का येत. ती म्हणाली, "येतो ना. पन मना कुनी सांगितलं असतं तर मी थांबले असते. सांगायला कुनी नव्हतं, म्हनून." बोलता बोलता तिनं बाहेर पाहिलं आणि पाऊस थांबला तसा पातेलं धुवायला घेतलं.

ती गेली ती श्रावणातच, दोन वर्षांपूर्वी. आजारपण असं नव्हतंच. आदल्या दिवशी मुरबाडला फेरी केली होती. पहाटे छातीत दुखलं आणि काकांनी वनितावहिनींना हाक मारेपर्यंत संपलं. मी त्या आठवड्यात गावीच होतो. पाऊस सुरू होता. सकाळी नातेवाइकांना फोन केले. कल्याणहून रंजना आणि जावई निघाले, मुरबाडहून, म्हशाहून, शहापूरकडून माणसं निघाली.

सगळी तयारी झाली तेव्हा व्हाळ चढला होता. मी फरशीपर्यंत गेलो. पलीकडे गाड्या येऊन थांबत होत्या. एकामागे एक, वळणापर्यंत रांग लागली. त्यांना थांबवायला तिथं कुणीही नव्हतं. खोप रिकामी होती. पहिली गाडी जावयांची. मला पलीकडून दिसत होतं, रंजना खाली उतरून पाण्याच्या काठाशी उभी होती. पाणी गुडघ्याच्या आसपास असेल, फार नाही, पण ओढ जोराची होती आणि चुन्याचा पट्टा दिसत नव्हता. जावई गाडीत बसलेले, हात स्टिअरिंगवर. त्यांनी काच खाली करून तिला काहीतरी विचारलं. मागच्या गाड्यांतली माणसंही बघत होती. रंजनानं पाण्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. जावयांनी गाडी बंद केली. मागे एकेक करून सगळ्यांची इंजिनं बंद झाली.

मग माझा फोन वाजला. रंजना होती. तिला नीट बोलता येत नव्हतं. आईला न बघता नेऊ नका एवढंच ती परत परत म्हणत होती. मी धावत घरी आलो आणि फोन काकांच्या हातात दिला. अंगणात सगळं गाव उभं होतं. काही वडीलधारी माणसं म्हणत होती की फार उशीर करणं बरं नाही, पाऊस आणखी वाढेल. काकांनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तितंच थांब, बाय. आमी पन हिकडं थांबतो. तुझ्या आईला घाई नाय."

मग माणसं ओटीवर, अंगणात, वनितावहिनींच्या पडवीत जागा करून बसली. बायांनी परत एकदा काकीच्या कपाळावरचं कुंकू सारखं केलं. काका तिच्या उशाशी बसून होते. दुपारी केव्हातरी पाऊस थांबला, पाणी पट्ट्याच्या खाली उतरलं, आणि रंजना पाण्यातून चालत आली.